काळ्या मातीतला पाणंद रस्ता आणि कारखान्याची राख

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: गावातला सुमारे दोन किलोमीटरचा पाणंद रस्ता पूर्णपणे काळ्या मातीतून जातो, जून ते ऑक्टोबर तो जवळजवळ बंद असतो, चांगला मुरूम जवळपास मिळत नाही, आणि शेजारचा साखर कारखाना बॉयलरमधली बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख फुकट न्यायला सांगतो. ही राख मातीत कालवून रस्ता पक्का होईल का, आणि होत असेल तर किती राख लागेल, असे आपण विचारले आहे. रस्त्यांच्या मातीकामात आणि माती-परीक्षणाच्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या आधारावर सांगतो. रस्ता पक्का होतो. मात्र तो राखेमुळे होत नाही, चुन्यामुळे होतो. राख ही चुन्याची जोडीदार आहे. हा एक मुद्दा ध्यानात न घेतल्यामुळे राखेचे ढिगारे रस्त्यावर ओतून वाया गेलेली कामे मी पाहिली आहेत, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

आधी मातीविषयी. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन जी काळी माती तयार झाली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज मोठ्या प्रमाणात असते. या खनिजाची रचना अतिशय पातळ पापुद्र्यांची असते आणि त्या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरकतात. म्हणून ही माती पावसाळ्यात फुगते, चिकट होते, चाकाला धरून वर येते, आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा गुण आहे, कारण हीच माती ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. रस्त्याच्या दृष्टीने मात्र हाच गुण दोष ठरतो. रस्त्याखालच्या मातीची ताकद आम्ही सीबीआर (कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो) चाचणीने मोजतो. मातीचा नमुना ठरावीक घनतेने साच्यात ठोकून बसवायचा, चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा, आणि मग ५० मि.मी. व्यासाचा दट्ट्या त्यात २.५ मि.मी. खोल शिरायला किती भार लागतो हे पाहून, प्रमाणित खडीला लागणाऱ्या भाराशी त्याची टक्केवारी काढायची. काळ्या मातीत ही टक्केवारी बहुधा २ ते ३ येते, कधी त्याहूनही खाली. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत वर्दळीच्या डांबरी रस्त्याखालच्या मातीसाठी किमान ५ टक्क्यांची अपेक्षा आहे. पाणंद रस्त्याला तो नियम जसाच्या तसा लागू होत नाही, पण उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर नियम पाहून चालत नाही; त्याचे चाक जिथे माती मऊ असेल तिथे रुततेच.

आपली माती किती फुगणारी आहे हे पाहण्याची एक चाचणी गावातल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येते. माती वाळवून, बारीक करून, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळावी. दहा-दहा ग्रॅम माती शंभर मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत घ्यावी. एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल भरावे, ढवळून हवेचे बुडबुडे काढावेत आणि चोवीस तास ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी रॉकेलातली माती समजा १० मिलिलिटरवर बसली आणि पाण्यातली १८ वर, तर फुगण्याचे प्रमाण ८० टक्के झाले. पन्नासच्या वर आकडा गेला की ती माती उपचाराशिवाय रस्त्याखाली ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही दोन पात्रे शेजारी शेजारी ठेवून ग्रामसभेत दाखवली की पुढचे पुष्कळसे समजावणे वाचते.

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन भाग पूर्वीपासून मानले जातात. काळी म्हणजे शेतीची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. जुन्या गावठाणाची पांढरी माती ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीतून साठलेली, चुलीची राख, पडलेल्या भिंती आणि चुनखडीचा अंश मिसळलेली माती असते; ती काळीसारखी फुगत नाही, म्हणून घरे तिच्यावर टिकली आणि धाब्याच्या छपरांवरही ती पसरली गेली. राख आणि चुना यांनी माती शांत होते, हे आपल्या मुलखाने अनुभवातून ओळखले होते, असे मला ते पाहून नेहमी वाटते. आज आपण तेच काम मोजूनमापून आणि काही महिन्यांत करू पाहतो आहोत.

आता चुना नेमके काय करतो ते पाहू. ओल्या काळ्या मातीत चुना मिसळला की पहिल्या काही तासांतच तिचा स्वभाव बदलू लागतो. मातीच्या पापुद्र्यांना चिकटलेले सोडियमसारखे कण दूर होऊन त्यांची जागा चुन्यातले कॅल्शियम घेते, पापुद्रे एकमेकांजवळ येतात आणि लोण्यासारखी चिकट माती रव्यासारखी दाणेदार होते. हातात घेतली तर फरक लगेच कळतो. बोटांना चिकटणारी माती भुरभुरीत होऊन गळून पडते. परंतु ही सुधारणा म्हणजे ताकद नव्हे. ताकद येते ती नंतरच्या, संथ चालणाऱ्या प्रक्रियेतून. चुन्यामुळे मातीतल्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) १२.४ च्या आसपास पोहोचला की मातीतलेच घटक असलेले सिलिका आणि अ‍ॅल्युमिना विरघळू लागतात, आणि कॅल्शियमशी त्यांचा संयोग होऊन सिमेंटमध्ये असतो तसाच चिकट, हळूहळू घट्ट होणारा पदार्थ तयार होतो. हे काम आठवडे आणि महिने चालते, ओल असेल तोवरच चालते, आणि उष्णतेत जास्त वेगाने चालते. आपल्याकडचे कडक ऊन या बाबतीत मदतीचेच आहे, फक्त ओल टिकवली पाहिजे.

यात राखेचे स्थान कोणते? राखेत सिलिका असते, आणि ती योग्य रूपात असेल तर चुन्याला खाद्य मिळते. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण राखेचा पुरस्कार करणाऱ्या लेखांत ती सहसा वगळली जाते. काळ्या मातीत चुन्याशी संयोग पावणारे सिलिका आणि अ‍ॅल्युमिना मुळातच भरपूर असतात, त्यामुळे केवळ चुनाही तिथे चांगले काम करतो. राख घातल्याने मातीचा चिकटपणा आणखी कमी होतो, चुना थोडा कमी लागू शकतो, आणि तेवढ्याच चुन्यात अधिक ताकद मिळू शकते. म्हणजे राखेचा लाभ आहे, पण तो भर घालणारा आहे, पाया घालणारा नाही. याउलट रेताड किंवा गाळाची माती असेल, जिच्यात चुन्याशी संयोग पावणारी चिकणमाती फारशी नसते, तिथे राखेशिवाय चुना जवळजवळ उपाशी राहतो. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या शेतांत जी पिवळसर, रेताड ‘सिहार’ माती आढळते, तिथे भातगिरण्यांच्या कोंड्याची राख आणि चुना ही जोडी काळ्या मातीपेक्षा अधिक समर्पक ठरते, आणि सुदैवाने ती राख तिथेच मिळते. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा भाग कोंडा, आणि कोंड्याच्या वजनाचा साधारण पाचवा भाग राख, असा ढोबळ हिशेब आहे. आणि नीट जळलेल्या कोंड्याच्या राखेत सिलिकाचे प्रमाण ८५ ते ९० टक्के किंवा त्याहूनही अधिक असते. शेतीतल्या कोणत्याही राखेत मला याहून चांगली सिलिका आढळलेली नाही.

बगॅसची राख त्या मानाने दुय्यम, पण उपयुक्त आहे. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के बगॅस निघते आणि तिच्यातली बरीचशी कारखाना स्वतःच्या बॉयलरमध्ये जाळतो. तिच्या राखेत सिलिका बहुधा ६० ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असते, त्यातही काही भाग उसाला चिकटून आलेल्या वाळूचा असतो, आणि वाळूतली सिलिका चुन्याशी संयोग पावत नाही. येथे ‘योग्य रूप’ म्हणजे काय ते सांगतो. साधारण ५०० ते ७०० अंश सेल्सिअसला जळालेल्या राखेतली सिलिका अस्फटिकी, म्हणजे सैल रचनेची राहते आणि चुन्याशी लवकर संयोग पावते. तापमान त्याहून फार वर गेले आणि ती राख तिथे बराच वेळ राहिली, तर सिलिकाचे स्फटिक बनतात आणि ती वाळूसारखी निष्क्रिय होते. उलट जळण अपुरे झाले तर राखेत कोळसा उरतो. तो पाणी शोषतो, वजनाने हलका असतो आणि ताकदीत काहीही भर घालत नाही. साखर कारखान्यांच्या राखेत मला हा दुसरा दोष अधिक आढळतो. राख पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाने पाहिली तर न जळालेल्या चिपाडाचे काळे, लांबट तुकडे दिसतात. खात्रीसाठी वाळवलेल्या राखेचा वजन केलेला नमुना भट्टीत तापवून वजनात किती घट येते ते पाहतात. घट १० टक्क्यांच्या आत असेल तर मी राख निश्चिंतपणे घेतो, १५ च्या वर गेली तर नाकारतो किंवा ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून पुन्हा तपासतो, कारण कोळशाचे तुकडे बहुतेक चाळणीवर राहतात. आणखी एक काळजी घ्यावी: कारखाने राख पाण्याने विझवून बाहेर टाकतात, त्यामुळे ट्रॉलीत भरलेल्या राखेच्या वजनाचा तिसरा हिस्साही पाणी असू शकतो. प्रमाण नेहमी कोरड्या वजनावर धरावे.

‘शेतीचा कचरा’ या एका शब्दात सगळे एकत्र मोजण्याची चूक मात्र करू नये. पऱ्हाटी आणि तुराट्या यांच्या राखेत सिलिका कमी आणि पोटॅश व चुनखडीचा अंश अधिक असतो. ती राख शेताला द्यावी, रस्त्याला तिचा विशेष उपयोग नाही. मळी (मोलॅसिस) मातीत मिसळली की धूळ काही काळ बसते, पण ती पाण्यात विरघळते आणि पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाते. उसाचे पाचट तर राखेसाठी जाळूच नये. ते सरीत राहिले तर जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढतो, आणि रस्त्यासाठी शेताचे अन्न हिरावून घेणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. बॉयलरमध्ये जी राख आधीच तयार होऊन पडली आहे, तीच उचलावी. अलीकडे वृत्तपत्रांतून पिकांच्या अवशेषांपासून केलेल्या जैव-डांबराच्या बातम्या येतात. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर-मनसर मार्गावर लिग्निनयुक्त (लिग्निन म्हणजे वनस्पतींना कडकपणा देणारे द्रव्य) जैव-डांबराचा एक टप्पा खुला झाला. तो प्रयोग महत्त्वाचा आहे, पण ते काम रस्त्याच्या वरच्या थराचे आहे, खालच्या मातीचे नव्हे. आपल्या प्रश्नाशी त्याची गल्लत होऊ देऊ नये.

बरीच वर्षे झाली, एका गावाने श्रमदान आणि लोकवर्गणीतून केलेला असाच रस्ता पाहायला मला बोलावले होते. मार्चमध्ये रस्त्यावर वीतभर जाडीची राख पसरली गेली होती, नांगर फिरवून ती मातीत मिसळली होती आणि वरून रोलर फिरवला होता. चुना घातलेला नव्हता, कारण राखेलाच सिमेंटसारखा गुण असतो असे कोणीतरी सांगितले होते. मे महिन्यात रस्ता इतका गुळगुळीत दिसत होता की गावकऱ्यांनी त्यावरून मोटारसायकली पळवून पाहिल्या. जुलैत मी गेलो तेव्हा त्यातून चालताही येत नव्हते. मी कुदळीने एक खड्डा खणला. आत मुठीएवढी ढेकळे जशीच्या तशी होती, त्यांच्या भोवती राखेचा करडा लेप होता आणि ढेकूळ फोडले की आत शुद्ध काळी, चकाकणारी, चिकट माती. राख मातीत मिसळलीच नव्हती. ती ढेकळांच्या फटींत बसली होती, आणि त्या फटींतून पाणी आणखी सहज खाली उतरले होते. त्या गावाने मनापासून कष्ट केले होते. तो खड्डा माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही, आणि तेव्हापासून मी कुणालाही प्रमाण सांगण्याआधी ढेकळांविषयी बोलतो.

प्रमाण ठरवण्याची पद्धत अशी आहे. चुन्याचे किमान प्रमाण सामूच्या चाचणीने ठरते: चाळलेल्या कोरड्या मातीचे २५ ग्रॅमचे काही नमुने बाटल्यांत घेऊन त्यांत २, ३, ४, ५, ६ टक्के चुना आणि प्रत्येकी १०० मिलिलिटर शुद्ध पाणी घालतात, तासभर अधूनमधून हलवतात, आणि ज्या सर्वांत कमी प्रमाणाला सामू १२.४ होतो ते प्रमाण आरंभबिंदू मानतात. आपल्याकडच्या काळ्या मातीत ते बहुतेक वेळा ३ ते ६ टक्क्यांच्या दरम्यान येते. त्यानंतर तो चुना स्थिर ठेवून राख ५, ८, १०, १२ टक्के अशी बदलत नमुने करायचे, ओल टिकवून ७ आणि २८ दिवस ठेवायचे आणि मग भिजवून सीबीआर व दाबाची ताकद मोजायची. राख वाढवत गेल्यावर ताकद एका टप्प्यापर्यंत वाढते आणि मग उतरू लागते, कारण जास्तीची राख केवळ हलका, सच्छिद्र भराव होऊन बसते. हा टप्पा मला बहुधा ६ ते १२ टक्क्यांत सापडला आहे. केवळ राखेने २ चा सीबीआर फार तर ३-४ पर्यंत सरकतो. चुना आणि राख एकत्र, आणि २८ दिवसांची ओल मिळाली, तर तो दहाच्या पुढे सहज जातो. मातीत सेंद्रिय पदार्थ २ टक्क्यांहून किंवा सल्फेट ०.२ टक्क्यांहून जास्त असेल, तर माती-सुधारणेच्या मार्गदर्शिका चुन्याच्या वापराला मनाई करतात, आणि ती मनाई मोडू नये. सल्फेट असलेल्या मातीत चुना घातला तर काही महिन्यांनी उलट फुगणारी खनिजे तयार होतात आणि रस्ता जागोजागी उचलला जातो. क्षारपड जमिनीतून रस्ता जात असेल तर ही तपासणी अगदी पहिली करावी; ऊसपट्ट्यात अशी जमीन कमी नाही.

आपल्या रस्त्याचा हिशेब करून पाहू. तीन मीटर रुंद आणि दाबून १५ सें.मी. जाड थर धरला, तर एका किलोमीटरला ४५० घनमीटर माल होतो. दाबलेल्या मिश्रणाची कोरडी घनता घनमीटरला दीड टन धरली, तर ते वजन ६७५ टन. त्यात ४ टक्के चुना म्हणजे २७ टन आणि १० टक्के राख म्हणजे साधारण ६७ टन कोरडी राख. चुन्याचे काम जागेवर समजायला सोपे करायचे तर चौरस मीटरला ९ किलो चुना लागतो. म्हणजे तीन मीटर रुंदीच्या रस्त्यावर दर ९० सें.मी. लांबीला २५ किलोची एक गोणी ठेवत गेले की प्रमाण बरोबर बसते. रस्त्याच्या कडेला चुन्याच्या फक्कीने खुणा आखून गोण्या मांडल्या, तर मोजणी कुणालाही करता येते आणि कुणालाही तपासता येते. राख हलकी असल्यामुळे ६७ टनांना ट्रॉल्या पुष्कळ लागतात. राख फुकट असली तरी वाहतूक फुकट नाही, म्हणून कारखाना पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत असेल तरच हा व्यवहार मला पटतो. आणि चांगला मुरूम तेवढ्याच अंतरात मिळत असेल, तर आधी मुरमाचा हिशेब करावा. राख वापरण्यासाठी रस्ता करायचा नसतो.

प्रत्यक्ष कामात सर्वांत अवघड भाग म्हणजे माती बारीक करणे. शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही; माती वाफशावर असताना नांगरावी आणि रोटाव्हेटर फिरवावा. सुकली की ढेकळे दगडासारखी होतात आणि ओली असली की ती औताला धरते. शासकीय विनिर्देशांत अपेक्षा अशी आहे की बारीक केलेली माती २६.५ मि.मी. चाळणीतून पूर्ण आणि ५.६ मि.मी. चाळणीतून किमान ८० टक्के जावी. काळ्या मातीत हे एका फेरीत साधत नाही. म्हणून मी चुना दोन हप्त्यांत घालायला सांगतो: आधी निम्मा चुना मिसळून, थोडे पाणी मारून, हलका दाब देऊन एक दिवस तसेच ठेवावे. रात्रीतून चुना ढेकळांत शिरतो, ती आपोआप ठिसूळ होतात, आणि दुसऱ्या दिवशी रोटाव्हेटरने माती चटकन भुगा होते. मग उरलेला चुना आणि राख घालून पुन्हा मिसळावे. शेतीचा रोटाव्हेटर बारा-पंधरा सेंटिमीटरच खोल जातो, त्यामुळे सुट्या मातीचे दोन पातळ थर करून काम करावे, एकच जाड थर करू नये. चुना खोलवर पोहोचला की नाही हे पाहायला खड्डा करून त्याच्या भिंतीवर फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या रसायनाचे थेंब टाकावेत. जिथे चुना आहे तिथे माती गडद गुलाबी होते, जिथे नाही तिथे काळीच राहते. मिसळणी किती असमान झाली आहे हे त्या गुलाबी-काळ्या पट्ट्यांत इतके स्वच्छ दिसते की वाद उरत नाही.

अखेरची मिसळणी झाल्यावर दबाई त्याच दिवशी, शक्यतो तीन तासांच्या आत पूर्ण करावी. राखेमुळे मिश्रणाला पाणी जास्त लागते आणि त्याची कमाल घनता मूळ मातीपेक्षा कमी येते. म्हणून घनतेची तुलना मिश्रणाच्याच प्रयोगशाळेतल्या आकड्याशी करावी, मूळ मातीच्या नव्हे. हा बारकावा न कळल्यामुळे चांगले काम नापास होताना मी पाहिले आहे. नंतर सात दिवस थर ओला ठेवावा. येथे पाचटाचा खरा उपयोग आहे: थरावर पाचट अंथरून त्यावर दिवसातून दोनदा पाणी मारले तर ओल उत्तम टिकते, आणि काम झाल्यावर तेच पाचट पुन्हा शेतात जाते. या सात दिवसांत त्यावर ट्रॉली जाऊ देऊ नये. म्हणून कामाची वेळ त्या शिवारातला ऊस तुटून गेल्यावरची, फेब्रुवारी ते एप्रिलची ठरवावी. तोवर कारखाना चालू असतो, राख ताजी मिळते, आणि पावसाआधी थराला घट्ट व्हायला निदान महिना-दीड महिना मिळतो. मे अखेरीस घाईने सुरू केलेले काम मी स्वतः स्वीकारत नाही.

कळीचा चुना वापरू नये, विझवलेल्या चुन्याची कोरडी भुकटी वापरावी. कळीचा चुना डोळ्यांत किंवा घामाने ओल्या त्वचेवर गेला तर गंभीर भाजतो, आणि गावच्या श्रमदानात लहान मुले भोवती असतात. भुकटी पसरणाऱ्या प्रत्येकाला चष्मा, हातमोजे आणि तोंडावर चांगला मास्क हवाच. राखेची बारीक धूळही फुप्फुसांना वाईट आहे, म्हणून ती किंचित ओली करूनच पसरावी, आणि वारा सुटला असेल तर ते काम त्या दिवशी थांबवावे. चुन्याच्या गोण्या महिनोन्‌महिने उघड्यावर ठेवू नयेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याची पुन्हा चुनखडी होते आणि तिचा मग काही उपयोग राहत नाही. संशय आला तर त्या गोणीतल्या चुन्यावर सामूची चाचणी करावी.

चुना-राखेची माती हा रस्त्याचा पाया आहे, पृष्ठभाग नव्हे. ती उघडी ठेवली तर चाकांच्या घर्षणाने वर्षभरात तिची धूळ होते. तिच्यावर निदान १० ते १५ सें.मी. मुरूम किंवा खडीचा दाबलेला थर हवा. फरक इतकाच की काळ्या मातीवर थेट रस्ता करताना जितका मुरूम लागला असता, त्याहून तो बराच कमी लागतो. रस्ता आजूबाजूच्या शेतापेक्षा किमान अर्धा मीटर उंच असावा, मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता असावा, आणि दोन्ही बाजूंना वाहते राहील असे चर हवेत. पाणंदीवर चर काढणे हे तांत्रिक काम कमी आणि शेजाऱ्यांच्या समजुतीचे काम अधिक असते, कारण चरासाठी प्रत्येकाच्या बांधाची हातभर जमीन जाते. तरीही हे आधी सोडवावे. चर नसेल आणि शेताला दिलेले पाणी रस्त्याखाली मुरत राहिले, तर कडेची उपचार न केलेली माती फुगत-आकसत राहते, रस्त्याच्या कडांना लांबलचक भेगा पडतात आणि त्या भेगांतून पाणी पायापर्यंत पोहोचते. उपचार केलेला थर शक्य तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जास्त रुंद घ्यावा. वर केलेल्या हिशेबात त्या प्रमाणात वाढ होईल, पण रस्ता फुटायला सुरुवात बहुधा कडेपासूनच होते.

आता लगेच करायचे काम. रस्त्याच्या लांबीवर दर दोनशे-तीनशे मीटरला आणि जिथे मातीचा रंग बदलतो तिथे, वरची वीतभर मुळे-कचऱ्याची माती बाजूला काढून, त्याखालची २० ते २५ किलो माती स्वच्छ गोणीत भरावी आणि गोणीवर ठिकाण लिहावे. राख मात्र एकाच जागेवरून उचलू नये. कारखान्याच्या ढिगाऱ्यातल्या चार-पाच ठिकाणची, आणि शक्य तर वेगवेगळ्या दोन आठवड्यांतली घ्यावी, कारण बॉयलरमध्ये काय जळते आणि कसे जळते यानुसार ती बदलत असते. हे नमुने जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागात द्यावेत. तिथे या सर्व चाचण्या होतात, आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी असा खरा रस्ता हवाच असतो. त्यांना चार गोष्टी स्पष्ट मागाव्यात: मातीतले सल्फेट, चुन्याचे सामूवरून ठरवलेले प्रमाण, राखेची तापवल्यावरची घट, आणि २८ दिवसांनंतर भिजवून काढलेला सीबीआर. सात दिवसांच्या आकड्यावर कुणी समाधान मानायला सांगितले तर मानू नये, कारण चुना-राखेच्या मिश्रणाचे बरेचसे काम त्यानंतर व्हायचे असते. पूर्ण दोन किलोमीटर एकदम हाती घेण्यापेक्षा यंदा सर्वांत वाईट दोनशे मीटर करावेत, त्यातल्या निम्म्या लांबीत फक्त चुना आणि निम्म्या लांबीत चुना व राख, आणि पावसाळ्यात दोन्ही भागांवर चाकोरी किती खोल पडते ते दर पंधरवड्याला फूटपट्टीने मोजून लिहून ठेवावे. ते आकडे हाती आले की उरलेल्या रस्त्यासाठी कारखान्याची राख उचलायची की नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक खात्रीने सांगता येईल.